उगवण चाचणी

तीन कोटेशनं टेबलावर,
उडू नयेत म्हणून वर मक्याचं वाळलेलं कणीस.
जालन्यात मे महिना. एमआयडीसीतली लाइट गेलेली,
यूपीएस अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला कुरकुरतोय
आणि औरंगाबादहून आलेला बागमार
टायची गाठ सैल करत म्हणतो,
साहेब, स्पीड बघा, स्पीड.

मी स्पीड बघतो.
सर्व्हरवर साठ जीबी: प्लॉटचे फोटो, नर-मादी ओळींच्या नोंदी,
डीलरांची उधारी,
शेठजींच्या नातवाच्या बारशाचा व्हिडिओसुद्धा.
लाइट रात्री अकरा ते पाच. राहिली तर.
डॅट टेप स्वस्त, काडेपेटीहून जरा मोठी;
तिला एवढं गिळायला पहाट होते,
वर दोनदा मध्येच नवी कॅसेट मागते.
कोण उठणार तेव्हा? वॉचमन गफूरभाई म्हणाले,
मी देईन की,
फक्त कोणत्या भोकात ते दाखवून ठेवा.

एलटीओ तासाभरात उरकते म्हणे.
पण आमचं नेटवर्क शंभराचं,
एकाच हबला अकाउंट्स, गोदाम, लॅब लोंबकळणारं.
डेटा येणार थेंब थेंब.
टेप धावणार, थांबणार, मागे जाणार, पुन्हा धावणार,
हेड झिजवत बसणार रात्रभर.
रोहिलागडला माझे सासरे हेच सांगतात:
हिरीत पाणी दोन परस अन् मोटर दहाची,
मंग फुसफुसणार नाही तं काय.

राहिली डीएलटी. चाळीस जीबी,
ब्रोशरवर मात्र ऐंशी, दाबून भरली तर.
फोटो आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत.
ब्रोशरवरचा आकडा म्हणजे
आमच्या पाकिटावरचं कापसाचं बोंड.
आम्हीच छापतो, आम्हाला माहीत आहे.

तेवढ्यात लॅबमधून कौशल्या घुगे आली,
जर्मिनेटर जनरेटरवर टाका म्हणायला.
कपाटातल्या टेपांकडे बघून म्हणाली,
यांची उगवण कधी काढली होती?
काय?
आम्ही शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळतो, आठवडाभर.
गोदाम कितीबी थंड असू द्या.
मेलेला दाणा अन् जिता दाणा, दिसायला सारखाच.

बागमार हसला.
मला हसता आलं नाही.
चार वर्षं रोज सकाळी
'जॉब कम्प्लीटेड' वाचून मी वहीत टिक केलीय,
आणि एकही टेप कधी उलटी
मशीनवर उतरवून बघितलेली नाही.

त्या रात्री जुना डॅट ड्राइव्ह, एक रिकामा पीसी,
बावीस कॅसेटा, गफूरभाईंचा चहा.
पहिली आली. दुसरी आली.
तिसरीनं भाकरीत खडा लागावा तसा आवाज केला.
नवव्या टेपवर फोल्डर दिसलं, 'तुंगार_तूर',
सर गेले त्याच्या आदल्या हंगामाचं.
मी खुर्ची पुढे ओढली.
उघडलं.
आत काहीच नव्हतं.

पाचला लाइट गेली तेव्हा बावीसपैकी चौदा.
चौसष्ट टक्के, कौशल्या म्हणाली,
असला लॉट आपण विकत नाही.

शेठजींना सांगितलं, डीएलटी घ्या, आणि दोन घ्या.
एक ड्राइव्ह गेला
तर त्याच्या टेपा वाचायला दुसरा लागतो.
शेठजी म्हणाले, कामून दोन?
समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं नीट,
मान डोलावली, आणि एक घेतला.

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी
कौशल्या डोळे मिटून कपाटातून एक टेप काढते,
गोणीत बंबू खुपसून नमुना काढावा तशी,
आणि मी ती रिकाम्या मशीनवर उतरवतो.
हबचा खर्च पुढच्या वर्षी बघू, असं ठरलंय.

नववी टेप मी फेकली नाही.
तिच्यावर लॅबचं पिवळं लेबल आहे, कौशल्याच्या अक्षरात:
पीक, तूर.
वाण, माहीत नाही.
उगवण,
आणि पुढे नुसती रेघ.